लॅपटॉपवर डिस्क राइट करताना: योग्य सॉफ्टवेअर कसे निवडावे?



१ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन आपला हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. त्यानंतरच्या दहा-बारा वर्षांत घरोघरी जे विवाह, बाप्तिस्मे आणि प्रथम कम्युनियनचे सोहळे झाले, त्यांपैकी अनेकांचे चित्रण सीडी किंवा डीव्हीडीवर आहे. छायाचित्रकाराने दिलेली ती एकच प्रत कपाटात जपून ठेवलेली असते. आज मोबाइल आणि पेन ड्राइव्हच्या काळातही डिस्कची गरज संपलेली नाही. घरातील वडीलधाऱ्यांना टीव्हीजवळचा डीव्हीडी प्लेअरच हाताळता येतो, सीटी स्कॅन किंवा एमआरआयच्या प्रतिमा अनेक ठिकाणी सीडीवर मिळतात आणि जुन्या डिस्कची दुसरी प्रत काढून ठेवणेही आवश्यक असते. मात्र ‘डिस्क राइट करण्यासाठी कोणते सॉफ्टवेअर चांगले?’ असे विचारण्याआधी आणखी एक प्रश्न स्वतःला विचारावयास हवा: ही डिस्क कोणत्या यंत्रावर चालणार आहे?

डिस्कचे तीन प्रकार

डिस्क मुख्यतः तीन प्रकारे तयार होते. पहिली डेटा डिस्क. हिच्यात छायाचित्रे, कागदपत्रे, एमपी३ गीते अशा फाइली जशाच्या तशा ठेवल्या जातात आणि ती संगणकावर उघडते. दुसरी ऑडिओ सीडी. ही कोणत्याही साध्या सीडी प्लेअरवर वाजते, परंतु तिच्यात सुमारे ८० मिनिटांचीच गीते मावतात. तिसरी व्हिडिओ डीव्हीडी. मोबाइलवरील चित्रण डीव्हीडीत नुसते कॉपी केले, तर जुना प्लेअर ते बहुधा दाखवत नाही. त्यासाठी चित्रण आधी डीव्हीडीच्या ठराविक स्वरूपात बदलावे लागते. भारतात त्यासाठी ‘पाल’ ही पद्धत निवडावी.

सीडीत सुमारे ७०० एमबी, तर साध्या डीव्हीडीत ४.७ जीबी माहिती बसते. विंडोज हीच जागा सुमारे ४.३८ जीबी एवढी दाखवते. तो डिस्कचा दोष नसून मोजणीच्या पद्धतीतील फरक आहे.

लॅपटॉपमध्ये आधीपासून काय आहे?

केवळ फाइली राइट करावयाच्या असतील, तर विंडोजच्या संगणकावर वेगळ्या सॉफ्टवेअरची गरज नाही. विंडोज एक्सपीमध्ये, म्हणजे २००१ पासून, सीडी राइट करण्याची सोय आहे. कोरी डिस्क घातल्यावर विंडोज दोन पर्याय दाखवते. ‘यूएसबी फ्लॅश ड्राइव्हप्रमाणे’ हा पर्याय घेतल्यास फाइली नंतर काढता-घालता येतात, पण अशी डिस्क घरातील प्लेअरवर चालेलच असे नाही. दुसऱ्याला द्यावयाची डिस्क असेल तर ‘सीडी/डीव्हीडी प्लेअरसह’ हाच पर्याय निवडावा. ऑडिओ सीडीसाठी विंडोज मीडिया प्लेअरची जुनी आवृत्ती उपयोगी पडते. तिच्यातील ‘बर्न’ या भागात गीते क्रमाने ठेवून ‘ऑडिओ सीडी’ हा प्रकार निवडावा.

विंडोज व्हिस्टा आणि विंडोज ७ यांच्या काही आवृत्त्यांत व्हिडिओ डीव्हीडी बनविणारा ‘डीव्हीडी मेकर’ होता. विंडोज ८ पासून तो काढून टाकण्यात आला. त्यामुळे आता या कामासाठी ‘डीव्हीडीस्टायलर’सारखे विनामूल्य सॉफ्टवेअर घ्यावे लागते. ते विंडोज, लिनक्स व मॅक या तिन्हींवर चालते.

वेगळे सॉफ्टवेअर केव्हा घ्यावे?

पूर्वी रायटरसोबत पुष्कळदा ‘नीरो बर्निंग रॉम’ हे सॉफ्टवेअर मिळत असे. त्याच्या नावात गंमत आहे. इ.स. ६४ मध्ये रोम शहराला आग लागली, तेव्हा सम्राट नीरोने तिचा आळ ख्रिस्ती लोकांवर घातला, असे रोमन इतिहासकार टॅसिटसने लिहून ठेवले आहे. जळणारे रोम आणि सीडी-रॉम यांवर एका जर्मन कंपनीने हा शब्दखेळ केला. नीरोमध्ये सोयी पुष्कळ आहेत, पण ते विकत घ्यावे लागते आणि वर्षातून दोन-चार डिस्क करणाऱ्या कुटुंबाला त्यातील बहुतेक सोयी लागत नाहीत. चोरीची प्रत मात्र वापरू नये. तसे करणे बेकायदेशीर आहेच, शिवाय अशा प्रतीसोबत व्हायरस येण्याचा धोका असतो.

विंडोजसाठी ‘इमगबर्न’ विनामूल्य आहे. त्याची शेवटची आवृत्ती २०१३ सालची आहे. ते इन्स्टॉल करताना प्रत्येक पान वाचूनच पुढे जावे व सोबत येणारे इतर प्रोग्राम नाकारावेत. लिनक्सवर ‘के३बी’ आणि ‘ब्रासेरो’ ही मुक्त सॉफ्टवेअर आहेत.

या सॉफ्टवेअरचा खरा उपयोग डिस्कची ‘इमेज’ काढण्यासाठी होतो. इमेज म्हणजे संपूर्ण डिस्कची एकाच फाइलीतील हुबेहूब प्रत. विंडोज ७ पासून तयार इमेज डिस्कवर राइट करता येते, परंतु डिस्कपासून इमेज काढण्याची सोय विंडोजमध्ये नाही. जुन्या विवाहाची डीव्हीडी किंवा रुग्णाच्या तपासणीची सीडी उतरवून घेताना फाइली निवडून कॉपी करण्यापेक्षा इमेज काढणे सुरक्षित असते, कारण त्यात फोल्डरांची रचना बदलत नाही.

निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात

पहिली, पडताळणी. राइट झाल्यावर डिस्क पुन्हा वाचून मूळ फाइलींशी ताडून पाहण्याची सोय, म्हणजे ‘व्हेरिफाय’, सॉफ्टवेअरमध्ये असावी. तिला वेळ लागतो, पण तो वेळ द्यावा.

दुसरी, मराठी नावे. १९८८ च्या ‘आयएसओ ९६६०’ या मूळ पद्धतीत देवनागरी नावांना स्थान नाही. ‘जोलिएट’ किंवा ‘यूडीएफ’ हा पर्याय असेल, तरच फाइलींची मराठी नावे टिकतात.

तिसरी, ‘फायनलाइज’ची सोय, म्हणजे डिस्क पूर्ण करून बंद करणे. बंद न केलेली डिस्क अनेक प्लेअर वाचत नाहीत.

राइट करताना

लॅपटॉपचा एक फायदा असा, की मध्येच वीज गेली तरी बॅटरीवर काम चालू राहते. मात्र झाकण मिटले किंवा लॅपटॉप स्लीपमध्ये गेला, तर डिस्क वाया जाऊ शकते. म्हणून ती सेटिंग आधी बंद करावी. नव्या लॅपटॉपमध्ये बहुधा ड्राइव्ह नसतो. अशा वेळी बाहेरून जोडावयाचा यूएसबी डीव्हीडी रायटर हब न वापरता थेट लॅपटॉपलाच जोडावा. लॅपटॉपच्या पातळ ड्राइव्हचा डीव्हीडीसाठीचा वेग सामान्यतः ८ एक्सपर्यंत असतो आणि त्या वेगाने पूर्ण डिस्क साधारण दहा मिनिटांत होते. जुन्या प्लेअरसाठी डीव्हीडी-आर या प्रकारची डिस्क घेणे बरे. दुसऱ्याची गीते किंवा चित्रपट परवानगीशिवाय उतरवून वाटणे १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचा भंग ठरू शकते, याचेही भान असावे.

शेवटी एक विनंती. राइट केलेल्या डिस्कमध्ये माहिती रंगद्रव्याच्या थरावर उमटते. ऊन, उष्णता आणि ओरखडे यांमुळे ती हळूहळू वाचता येईनाशी होते. ज्या डिस्कवर आज आपल्यात नसलेल्या आईवडिलांचा आवाज आहे, ती पुढील वर्षी उघडेलच याची खात्री कोणी देऊ शकत नाही. या रविवारी कपाट उघडा, जुन्या डिस्क मऊ कापडाने मधून कडेकडे पुसा आणि प्रत्येकीची इमेज काढून दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा. त्यानंतर हवी तर नवी डिस्क राइट करा आणि आजीच्या प्लेअरवर ती चालते का, हे तिच्यासोबत बसून पाहा.