न दुखणारा पाय

आमच्या पट्ट्यात आजाराची मोजपट्टी एकच. खाडा झाला का? झाला नसेल, तर माणूस बरा. पिंपरीपासून चाकणपर्यंतच्या कामगारांचे पाय मी तीस वर्षे बघतो आहे. आधी एका कारखान्याच्या दवाखान्यात, आता भोसरीतल्या माझ्या स्वतःच्या. छातीत जरा धडधडले की माणूस रिक्षा करून येतो. पायाचे मात्र तसे नाही. पाय म्हणजे जणू कंपनीची बस. चालते आहे तोवर तिच्याखाली वाकून कोण बघतो?

आता टाचेचेच घ्या. सकाळी अंथरुणातून उठल्यावर पहिले पाऊल टेकले की कळ येते, चार पावले चालले की कमी होते. आठ-आठ तास काँक्रीटच्या जमिनीवर उभे राहणाऱ्यांचे हे नेहमीचे दुखणे. 1948 च्या कारखाना कायद्यातले 44 वे कलम सांगत असे, की उभ्याने काम करणाऱ्याला संधी मिळेल तेव्हा टेकता यावे, अशी सोय हवी. लाइनवर ती संधी कधी मिळायची, हे ज्याचे त्याने ठरवावे. तर, अशा टाचेसाठी धावत येऊ नका. पोटरीला आणि तळव्याला ताण देणारे व्यायाम करा, मऊ तळाची चप्पल घाला. दोन-तीन आठवड्यांत फरक पडला नाही तर या. आणि ‘टाचेचे हाड वाढलेय’ म्हणून कुणी फोटो दाखवला तर घाबरू नका. तसे वाढलेले हाड न दुखणाऱ्या कितीतरी टाचांतही सापडते.

मुरगळलेल्या घोट्याची गोष्ट वेगळी. कमरेत उसण भरली की पायाळू माणसाचा पाय लावून घेणारे आपण. घोटा मुरगळला की आंबेहळदीचा लेप आणि शेजारच्या काकांची मालीश ठरलेली. लेपाला माझी हरकत नाही. मालीशला आहे. ताजी इजा चोळली की सूज वाढते, आणि खाली हाड मोडलेले असेल तर काकांच्या अंगठ्याला ते कळत नाही. मग फोटो कधी काढायचा? कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी 1992 साली यासाठी एक साधा नियम मांडला. लंगडत का होईना, चार पावले टाकता आली पाहिजेत, लगेचही आणि नंतर तपासतानाही. शिवाय घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांची मागची कड टोकापासून सहा सेंटिमीटर वरपर्यंत दाबून बघायची. पावलाच्या बाहेरच्या कडेला, करंगळीच्या रेषेत मध्यावर हाताला लागणारे टोक दाबायचे, आणि आतल्या बाजूला कमानीवरचा हाडाचा उंचवटाही. यांपैकी कुठे हाडावर दुखले, किंवा पावले टाकताच आली नाहीत, तर फोटो काढायचा. पाय वाकडा दिसत असेल, बोटे गार किंवा बधिर पडली असतील, तर दाबत बसू नये, थेट रुग्णालय गाठावे.

पण या नियमाचा सगळा डोलारा दुखण्यावर उभा आहे. दुखतच नसेल तर?

चाकणच्या एका मशीन शॉपमधला बीडकडचा एक कामगार आला होता. वय शेहेचाळीस, ठेकेदाराकडे नोकरी, बारा वर्षांची साखर. सेफ्टी शूजमध्ये लोखंडाची नखाएवढी चिप गेली होती. त्या चिपवर त्याने अख्खी रात्रपाळी काढली. घरी मोजा ओला लागला तेव्हा समजले. आला पाचव्या दिवशी.

‘‘आजच का आलात?’’ मी विचारले.

‘‘घरात वास यायला लागला, डॉक्टर. बायको म्हणली, जाऊन या. दुखत तर काहीच न्हाई.’’

त्याच दिवशी त्याला पुढे पाठवले. पाय वाचला, दोन बोटे गेली. 1954 साली उभ्या राहिलेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सने ज्या पिंपरीत पेनिसिलीन बनवले, तिथून चाकण ते किती लांब! पण साखरेने रक्तवाहिन्या अरुंद झाल्या की औषध जखमेपर्यंत पुरेसे पोहोचतच नाही.

वेल्लोरला कुष्ठरोग्यांवर शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांनी ही गोष्ट फार पूर्वी ओळखली होती. कुष्ठरोग्याची बोटे आपोआप गळत नाहीत. पाय बधिर असल्याने माणूस जखमेवरच चालत राहतो, म्हणून ती जातात. मधुमेहातही तेच घडते. आणि 2023 साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार देशात मधुमेही आहेत सुमारे 10 कोटी 10 लाख.

म्हणून साखर असलेल्यांसाठी माझी मोजपट्टी उलटी आहे. दुखत नाही, म्हणूनच लवकर या. जखम, फोड, काळा पडलेला डाग दिसला तर त्याच दिवशी. पाऊल सुजले, लाल झाले, दुसऱ्या पावलापेक्षा गरम लागते आणि तरी फारसे दुखत नाही, तर त्यावर एक पाऊलही जास्त टाकू नका. आतली हाडे खचत असू शकतात. कुरूप ब्लेडने कापू नका, त्यावर औषधी पट्टी लावू नका. त्यातले आम्ल चांगली कातडीही जाळते. पावसाळ्यात ओल्या बुटांमुळे चिखल्या होतात, त्या भेगांतून जंतू शिरतात. लाली पोटरीकडे चढू लागली आणि ताप आला, तर साखर नसली तरी थांबायचे नाही. रोज रात्री तळवा आरशात बघा, आणि बूट घालण्यापूर्वी आत हात फिरवा.

साखर तपासायला गेलात की डॉक्टर रिपोर्ट बघतात, पाय बघतीलच असे नाही. आपणच मोजे काढून बसावे. दहा ग्रॅमच्या नायलॉनच्या तंतूने तळव्याची जाणीव तपासायला पाच मिनिटेही लागत नाहीत. संत तुकारामनगरचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे, विमा असलेल्यांसाठी मोहननगरचे कामगार विमा रुग्णालय आहे. आणि इजा कामावर झाली असेल, तर घरी जाण्याआधी ती अपघाताच्या वहीत नोंदवून घ्या, ठेकेदार ‘एवढ्याशा जखमेला काय लिहायचे’ म्हणाला तरी. चिपवर रात्र काढलेल्या त्या माणसाची नोंद नव्हती. ती चिप कारखान्यातलीच होती, हे पटवून देण्यात पुढे त्याचे चार महिने गेले.