औषधाचे नरसाळे वेगळे असावे

फवारणीचा पंप किंवा डिझेल इंजिन घ्यावयाचे झाले म्हणजे शेतकरी चार ठिकाणी चौकशी करतो. परंतु त्यांत माल ओतण्यासाठी लागणाऱ्या नरसाळ्याची चौकशी कोणी करीत नाही. बहुतेक घरी पत्र्याचे एकच नरसाळे गोठ्यातील खुंटीला टांगलेले असते. त्यातूनच डिझेल ओतले जाते, त्यातूनच कीटकनाशक, आणि वेळप्रसंगी गोडेतेलही.

दोन वर्षांपूर्वी एका गावी कपाशीवर नवीन रोग आला आहे, असा निरोप आल्यावरून मी पाहणीस गेलो. पाने अरुंद होऊन बेडकाच्या पायासारखी चिरलेली दिसत होती. परंतु रोगाचे किंवा किडीचे चिन्ह नव्हते. चौकशी करता असे समजले की, शेजारच्या उसातील तणांवर २,४-डी हे तणनाशक मारल्यानंतर पंप दोनदा धुतला होता, नरसाळे मात्र तसेच टांगून ठेवले होते. त्याच्या जाळीत व सांध्यात राहिलेला अंश पुढच्या फवारणीत कपाशीवर गेला. या तणनाशकाचा अत्यल्प अंशही कपाशीस सोसत नाही. त्या पट्ट्यात बोंडे उशिरा व थोडी लागली.

हे नुकसान पिकापुरतेच राहिले. बिहारमधील सारण जिल्ह्यात २०१३ साली शाळेतील माध्यान्ह भोजनाने २३ बालके दगावली, ती अन्नात गेलेल्या मोनोक्रोटोफॉस या कीटकनाशकामुळे. स्वयंपाकाचे तेल ज्या डब्यात ठेवले होते, त्यात पूर्वी कीटकनाशक होते, असे तपासात आढळले. डब्याची जी गोष्ट, तीच नरसाळ्याची.

म्हणून तणनाशकाचे, कीटकनाशकाचे, इंधनाचे आणि खाद्यपदार्थांचे अशी चार नरसाळी निरनिराळी असावीत. हा खर्च अगदी किरकोळ आहे. विषारी औषधांच्या दोन्ही नरसाळ्यांवर तांबड्या रंगाचा पट्टा ओढावा, तणनाशकाच्या नरसाळ्यावर दोन पट्टे ओढावेत, आणि ती औषधांबरोबरच कुलपात ठेवावीत. गोठ्याची खुंटी ही त्यांची जागा नव्हे.

आता निवडीविषयी. पातळ पदार्थ भांड्यात उतरताना आतील हवेस बाहेर पडावयास वाट लागते. नरसाळ्याची नळी भांड्याच्या तोंडात घट्ट बसली की हवा नळीतूनच उसळते, ओघ गचके घेतो आणि थेंब वर उडतात. पाण्याचे थेंब उडाले तर बिघडत नाही. पण न मिसळलेल्या औषधाचे थेंब डोळ्यात गेले तर डोळ्यावर बेतते. यासाठी नळी तोंडापेक्षा बरीच अरुंद असावी, किंवा तिच्या बाहेरच्या अंगास उभे कंगोरे असावेत. तसे नरसाळे नसेल तर नळी व तोंड यांच्यामध्ये एक बारीक काडी अडकवावी. तेवढ्याने काम भागते. नरसाळ्याचे तोंडही रुंद व खोल असावे. औषध प्रथम मापाने मोजून घ्यावे, पंप निम्मा पाण्याने भरावा, मग औषध ओतावे व उरलेले पाणी घालावे.

बोर्डो मिश्रणासाठी लोखंडी अथवा जस्ताचा मुलामा दिलेले नरसाळे मुळीच वापरू नये. मोरचुदाचे द्रावण असा धातू खाऊन टाकते. तेथे प्लॅस्टिकच बरे. पेट्रोलची गोष्ट उलट आहे. प्लॅस्टिकवरून वाहताना वीज साठून ठिणगी पडण्याचा संभव असतो, म्हणून धातूचे नरसाळे टाकीच्या तोंडाला टेकवूनच ओतावे. डिझेलच्या नरसाळ्यास बारीक पितळी जाळी अवश्य असावी.

कोरड्या मालाचे नरसाळे या सर्वांहून निराळे. दाणे पाण्यासारखे वाहत नाहीत. ते एकमेकांस अडवून नळीच्या तोंडावर कमान धरतात. खळ्यावर धान्याची रास घातली असता तिला जो उतार पडतो, त्याहून नरसाळ्याच्या बाजू अधिक उभ्या असाव्यात. नळी आखूड असावी आणि दाण्याच्या सहा ते आठ पट तरी रुंद असावी. तिफणीवरील चाड्यात आपल्या पूर्वजांनी हा प्रश्न निराळ्या तऱ्हेने सोडविला आहे. तेथे माल एकदम ओततच नाहीत. पेरणारी बाई मुठीतून थोडे थोडे बी सोडते आणि ते चाड्याच्या भोकांतून नळ्यांत सुरळीत उतरते. युरिया हवेतील ओल शोषून घेतो, म्हणून त्याचे नरसाळे आतून कोरडे ठणठणीत असावे. गंधकाची भुकटी अडकल्यास बाहेरून लाकडाने हलके ठोकावे. तोंडाने फुंकर मारण्याची सवय मात्र साफ मोडावी. औषधाच्या नळीला तोंड लावणारे अजूनही दिसतात.

काम संपताच नरसाळे तीन वेळा धुवावे आणि ते पाणी पंपातच घालून त्याच शेतात फवारावे; विहिरीच्या किंवा ओढ्याच्या काठी ओतू नये. २,४-डी वापरलेले नरसाळे मात्र कितीही धुतले तरी कपाशीकडे नेऊ नये.