बत्तीस सालची गाडी, नुकतीच बांधलेली

अमेरिकेत विक्रीला निघालेल्या हॉट रॉडची (म्हणजे जुन्या तोंडवळ्याच्या, वेगासाठी फेरफार केलेल्या गाडीची) जाहिरात वाचायला घेतली की नवखा माणूस पहिल्या दोन ओळींतच चक्रावतो. वर ठळक अक्षरांत असतं ‘१९३२ फोर्ड रोडस्टर’, आणि खाली तपशील साधारण असा: बॉडी नवी, चेसिस नवी, इंजिन शेवरलेचं, पुढे डिस्क ब्रेक, डॅशबोर्डखाली दडवलेला एसी. मग यात बत्तीस सालचं काय आहे? कधी कधी एक स्क्रूसुद्धा नाही. तरीही जाणकार गिऱ्हाईक ‘फसवणूक’ म्हणून ओरडत नाही. तो वाकून पुढचा ॲक्सल बघतो.

आधी मूळ गाडीकडे जाऊ. मार्च १९३२ च्या अखेरीस, ऐन महामंदीत, हेन्री फोर्डने सामान्य माणसाच्या गाडीत आठ सिलिंडरांचं व्ही-८ इंजिन बसवून दाखवलं. तोवर व्ही-८ म्हणजे श्रीमंतांची चैन. कॅडिलॅकसारख्या गाड्यांत सिलिंडरांचे ब्लॉक वेगळे ओतून क्रँककेसवर बोल्टने आवळत. काम नाजूक आणि महाग. फोर्डचा हट्ट असा की दोन्ही बाजूंचे सिलिंडर आणि क्रँककेस एकाच ओतकामात निघाले पाहिजेत. त्याच्या मोजक्या माणसांनी हे काम डिअरबॉर्नमध्ये, एडिसनच्या जुन्या प्रयोगशाळेच्या इमारतीत गुपचूप केलं. हाती आलं ते २२१ घनइंचांचं, ६५ अश्वशक्तीचं इंजिन, आणि ते बसवलेली रोडस्टर ४६० डॉलरला. गाडीचं वजन जेमतेम हजार किलो.

काही वर्षांत या गाड्या सेकंडहँड बाजारात आल्या आणि पोरांच्या हाती पडल्या. त्यात दक्षिण कॅलिफोर्नियातली पोरं, म्हणजे जवळच मोहावीचं वाळवंट. तिथे म्युरॉक, एल मिराज अशी कोरडी सरोवरं आहेत. पावसाचं पाणी साचतं, आटतं, आणि मागे मैलोन् मैल सपाट, टणक जमीन उरते. इथे गाड्या पळवून वेग मोजायचा, हा त्यांचा शनिवार-रविवारचा उद्योग. १९३७ मध्ये त्यांच्या क्लबांनी मिळून ‘सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन’ काढली. (म्युरॉक पुढे लष्कराने घेतलं, आज तिथे एडवर्ड्स हवाई तळ आहे.)

हॉट रॉडचं रूप या मातीत घडलं. वेग दुप्पट करायचा तर हवा कापायला आठपट ताकद लागते, हा निसर्गाचा हिशेब. ६५ अश्वशक्तीत तो कसा बसवायचा? म्हणून समोरची काच काढली. मडगार्ड काढले, बंपर काढले, टप काढला. मागे मोठे टायर घातले, कारण मोठं चाक एका फेऱ्यात जास्त जमीन मागे टाकतं. पुढचा ॲक्सल भट्टीत तापवून त्याची दोन्ही टोकं वर वाकवली, म्हणजे मधला दांडा आणि त्यावरचं गाडीचं नाक खाली आलं. आज हीच ठेवण बघून लोक ‘काय रुबाब आहे’ म्हणतात. त्या पोरांना रुबाबाशी देणंघेणं नव्हतं असं मी म्हणणार नाही, वीस वर्षांचं वय होतं. पण निकाल घड्याळ लावत होतं.

आणि बत्तीसचंच मॉडेल का? याचं उत्तर चेसिसच्या बाजूला आहे. त्या वर्षीच्या चेसिसच्या पट्ट्या बाहेरून दिसतील अशा बेताने केल्या होत्या. बाजूच्या पत्र्यावर एक लांबलचक, वळणदार घडी दाबलेली आहे, बॉडीच्या रेषेला साथ देणारी. पेट्रोलची टाकीही मागे उघड्यावर, नेटकी बसवलेली. त्यामुळे मडगार्ड काढले तरी ही गाडी उघडीबोडकी वाटत नाही. पुढच्या सालच्या फोर्डला हे तितकं साधत नाही.

इंजिनाची मात्र एक खोड होती. या ‘फ्लॅटहेड’ इंजिनात व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच, दोन रांगांच्या मधल्या बाजूला. जळलेला वायू तिथून निघून बाहेरच्या एग्झॉस्टला मिळायचा तर वाट ब्लॉकमधूनच, सिलिंडरांच्या शेजारून, गार करणाऱ्या पाण्याला चिकटून. आपल्या तांब्याच्या बंबात मधल्या नळीने पाणी तापतं, तसंच हे. फरक इतकाच की इथे पाणी तापायला नको होतं. शिवाय दर बाजूला चार सिलिंडर आणि एग्झॉस्टची भोकं तीनच, मधल्या दोघांना एक सामाईक. गाडी गरम होणं ठरलेलंच. पोरांनी त्यावरही उपाय शोधला: पट्ट्यापट्ट्यांची ॲल्युमिनियमची हेड. ताकद वाढवायला एकाऐवजी दोन-तीन स्ट्रॉमबर्ग कार्ब्युरेटर. व्हिक एडलब्रॉकसारख्यांचे कारखाने याच गरजेतून उभे राहिले.

१९५५ मध्ये शेवरलेचं छोटं व्ही-८ आलं. व्हॉल्व्ह वर हेडमध्ये, २६५ घनइंच, पहिल्याच वर्षी १६२ अश्वशक्ती. फ्लॅटहेडचे दिवस तिथे भरले. फोर्डच्या अंगात शेवरलेचं काळीज घालायची रीत पडली. काही फोर्डवाले अजूनही तोंड वाकडं करतात. मला विचाराल तर बॉनेट उघडल्यावर फ्लॅटहेड दिसावं, भले ते उकळो.

आता पुन्हा जाहिरातीकडे. ओहायोतली ब्रूकव्हिल रोडस्टर ही कंपनी बत्तीसची रोडस्टर बॉडी आजही नव्या पोलादी पत्र्यात दाबून देते. चेसिस, ॲक्सल, जुन्या चेहऱ्याची मीटरं, सगळं नवं मिळतं. मागच्या डिफरन्शिअलचीच गंमत बघा. शर्यतीच्या गाड्यांत ‘क्विक-चेंज’ नावाचा प्रकार असे. मागचं झाकण उघडायचं, आतले दोन गिअर उपसून दुसरे घालायचे, की काही मिनिटांत गाडीचा स्वभाव बदलला. बाजारात भाजी आणायला जाणाऱ्या गाडीला त्याचा उपयोग शून्य. तरी लोक हौसेने बसवतात, कारण त्याचे सरळ दात्यांचे गिअर चालताना एक बारीक, रडवा सूर काढतात. चांगल्या गाडीत आवाज कमी व्हावा म्हणून पैसे मोजतात. इथे तो व्हावा म्हणून.

कागदपत्रं हा वेगळाच मामला. अस्सल व्ही-८ बत्तीसच्या चेसिसवर ‘१८’ने सुरू होणारा नंबर ठोकलेला असतो, आणि तो जुळला तर भाव चढतो. नव्याने बांधलेल्या गाडीसाठी कॅलिफोर्नियात आणखी एक सोय आहे. ‘विशेष बांधणीचं वाहन’ म्हणून दरवर्षी पहिल्या पाचशे अर्जदारांना धुराचे नियम गाडी ज्या सालची दिसते त्या सालाचे लागतात. म्हणजे काल जोडलेली गाडी धुरापुरती सरकारदरबारीही १९३२ ची ठरू शकते! आपल्याकडे गाडीतल्या फेरफारांना आवर घालणारं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि त्यावरचा २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल बघता अशी गाडी पासिंगला नेणाऱ्याचं आरटीओत काय स्वागत होईल, ते सांगायला नको.

किमतीचं गणितही उलटं चालतं. डोन स्पेन्सरने १९४० च्या दशकात घडवलेली बत्तीसची रोडस्टर १९९७ मध्ये पेबल बीचच्या प्रदर्शनात, हिरवळीवर, करोडोंच्या क्लासिक गाड्यांच्या पंगतीत बसली आणि आपल्या गटात पहिली आली. तिच्यावरचा प्रत्येक कापजोड आता इतिहास आहे. नव्या बांधणीच्या गाडीला मात्र बांधायला लागलेला पैसा विकताना सहसा वसूल होत नाही. म्हणून खरेदीदार पावत्यांची फाईल मागतो, वेल्डिंग कोणी केलं ते विचारतो, चेसिसखाली आडवा होऊन बॅटरीने ब्रेकच्या नळ्या तपासतो. आणि मग हमखास विचारतो, ‘इतकी छान गाडी का विकताय?’ विकणाऱ्याच्या गॅरेजमध्ये बहुधा दुसरी चेसिस येऊन पडलेली असते.