साडेतीन मिलिमीटर

कशेळ्याच्या नाक्यावर चहाच्या टपरीपाशी कुणीतरी म्हणालं, "आपला गवतवाला आता गवत मिलिमीटरनं मोजतोय." सगळे हसले. मला मात्र उत्सुकता वाटली, कारण हा गवतवाला मी बरीच वर्षं पाहत आले आहे. पावसाळा सरला की कर्जत-मुरबाड रस्त्यालगतच्या वरकस जमिनींवर छातीएवढं गवत वाळून सोनेरी होतं. ते विळ्यानं कापायचं, भारे बांधायचे आणि वखारीत पोचवायचे, हा त्याचा धंदा. तिथून ते मुंबईकडच्या तबेल्यांत म्हशींपुढे जायचं. ज्या माणसानं जन्मभर गवत भाऱ्यांनी मोजलं, तो मिलिमीटरवर कसा आला हे पाहायला मी गेले.

पेज नदीच्या अंगाला एका निवृत्त इंजिनिअर काकांचं घर आहे. घरापुढे पूर्वी भाताचं खाचर होतं. त्यातल्या दोन गुंठ्यांवर काकांनी गोल्फचं 'पटिंग ग्रीन' करून घेतलंय. गोल्फमध्ये होलभोवती जो गुळगुळीत तुकडा असतो, जिथे चेंडू उडवायचा नसतो, हलकेच घरंगळत न्यायचा असतो, तो म्हणजे ग्रीन. होल सव्वाचार इंच रुंद. काका खारघरच्या गोल्फ कोर्सचे सभासद आहेत. घरी सराव व्हावा म्हणून हा खटाटोप, आणि तो राखायला नेमलेला माणूस म्हणजे आमचा गवतवाला. मी त्याला दादा म्हणते. तो जवळच्याच ठाकूरवाडीतला.

सकाळी दव असतानाच काम सुरू होतं. लांब बांबूच्या काठीनं पात्यांवरचं दव झाडायचं, पानं-काटक्या वेचायच्या, चेंडू आदळून पडलेले खळगे काट्यानं उचलून सारखे करायचे, मग मशीन काढायचं. इथवर सगळं भराभर होतं. मशीनपाशी आल्यावर मात्र दादा मांडी घालून बसतो.

हे मशीन बंगल्यांच्या लॉनवर गुरगुरत फिरतं तसलं नव्हे. त्या मशीनचं पातं पंख्यागत फिरतं आणि गवत झोडून तोडतं. टोकं फाटतात, दुसऱ्या दिवशी पांढरी पडतात. या मशीनमध्ये पीळ दिलेली पाती एका पिंपावर बसवलेली असतात आणि खाली एक पातं स्थिर असतं. दोन पात्यांच्या चिमटीत सापडलेलं गवत स्वच्छ कापलं जातं. पण दोन्ही पाती एकमेकांना नेमकी भिडली तरच. ती भिडलीत का, हे पाहायला दादा मुलाच्या जुन्या वहीच्या कागदाची पट्टी फाडतो, दोन पात्यांमध्ये धरतो आणि पिंप हातानं सावकाश फिरवतो. कागद कट्कन तुटला तर बरोबर. दुमडला, तर स्क्रू पाव फेरा आवळायचा आणि पुन्हा पट्टी. डाव्या टोकाला, मध्ये, उजव्या टोकाला. हे पाहताना मी चहा विसरले. पुढे जेव्हा केव्हा तिथे गेले, तेव्हा कागदाची वेळ चुकू नये म्हणून लवकर निघाले.

मग उंची. एक लोखंडी पट्टी मशीनच्या पुढच्या-मागच्या रोलरांना टेकवून बघायची.

"साडेतीन," दादा म्हणाला.

"साडेतीन काय?"

"मिलिमीटर, ताई. तीनवर नेलं तर उन्हात जलून जातं. चारवर ठेवलं तर सायबांचा चेंडू रखडतो. साडेतीन म्हंजे साडेतीन."

कापण्याची दिशाही रोज बदलते. आज घराकडून नदीकडे, उद्या आडवं, परवा तिरकं. एकाच दिशेनं कापत राहिलं तर पाती एका अंगाला लवतात आणि चेंडू त्या लवणीनं वाहवत जातो. हे दादाला काकांनी सांगितलं. पण कोणत्या कोपऱ्यात पाती आधी लवतात हे त्यानंच काकांना दाखवलं. तिथे ऊन उशिरा पोचतं, म्हणून.

हे गवत कोणतं? हरळी. बांधावर उगवते, खाचरात घुसते, खणून काढली तरी एका पेरातून पुन्हा फुटते, ती. गणपतीला दूर्वा म्हणून वाहतात तीही हीच. शास्त्रीय नाव सायनोडॉन डॅक्टिलॉन. जगभरच्या उष्ण प्रदेशांतली बरीचशी गोल्फ मैदानं 'बर्म्युडा' गवताची असतात. ते बर्म्युडा म्हणजे ही हरळी, आणि ग्रीनवर लावतात त्या बुटक्या संकरित जाती म्हणजे हरळी आणि तिची आफ्रिकेतली बहीण यांची संतती. किनाऱ्यालगतच्या मैदानांवर 'पास्पॅलम' नावाचं गवत लावतात. आपला कोद्रा त्याच पास्पॅलम प्रजातीतला. थोडक्यात, ज्या गवतकुळाच्या भातावर कर्जतच्या संशोधन केंद्रात 1919 पासून काम चालू आहे, त्याच कुळातलं हेही एक पीक. फक्त त्याला दाणा येऊ द्यायचा नसतो.

दादाची बायको गणपतीच्या आधी दूर्वा न्यायला इथे आली होती. दोन गुंठे नुसती हरळी, आणि खुडायला एक त्रिदल नाही. पावसामुळे तेव्हा उंची थोडी वाढवली होती, तरी चिमटीत धरण्याजोगं काही नव्हतं. शेवटी ती बांधावरच्या दूर्वा घेऊन गेली. हे सांगताना दादा हसला, काकाही हसले, पण दोघांच्या हसण्याची कारणं वेगळी असावीत.

काका माणूस दिलखुलास. ते गोल्फकडे वळले साठीच्या जवळ. मुंबईतले जुने क्लब त्यांना ठाऊक आहेत: 1917 चा विलिंग्डन, चेंबूरचा 1927 चा बॉम्बे प्रेसिडेन्सी. देशातला सर्वांत जुना, कोलकात्याचा रॉयल, तर 1829 चा. "तिथे अर्ज टाकला असता तर माझा नातू सभासद झाला असता," ते म्हणतात. जुन्या क्लबात कुणीतरी तुमचं नाव सुचवावं लागतं, कुणीतरी अनुमोदन द्यावं लागतं, आणि मग वाट पाहायची. खारघरला तसं नव्हतं. पांडवकड्याच्या शेजारी, डोंगरांच्या मधल्या खोलगटात सिडकोनं सुमारे 103 हेक्टरांवर हे मैदान उभारलं आणि गोल्फ सर्वांसाठी खुला करायचा असं ठरवलं. नव्या मैदानाचा सभासद होण्यातलं सुख काका असं सांगतात: "तिथे सगळेच नवखे. भिंतीवर कुणाच्या आजोबाचा फोटो नाही. माझी चूक झाली तर हसणाऱ्याचीही कालच झालेली असते." हँडिकॅपची रीतही अशा उशिरा आलेल्यांना सांभाळून घेते. 2020 पासून जगभर एकच पद्धत लागू आहे आणि तिच्यात कच्च्या खेळाडूला 54 फटक्यांपर्यंत सूट मिळते. त्यामुळे सत्तरीतले काका विशीतल्या पोराशी बरोबरीनं खेळू शकतात. हे मला आवडलं. असं सोंगट्यांत नाही, कुस्तीत नाही.

सभासदाला काही कर्तव्यंही असतात. फटक्यानं गवताचं ढेकूळ उडालं तर ते उचलून परत बसवायचं, वाळूच्या खड्ड्यातून बाहेर पडताना आपल्या पाउलखुणा दाताळ्यानं पुसायच्या, ग्रीनवर पडलेला खळगा आपणच दुरुस्त करायचा. काका हे सगळं नेमानं करतात. तरीही मैदान सभासदांवर उभं नसतं. ते पहाटे अंधारात येऊन ऊन चढायच्या आत दिसेनासे होणाऱ्या माणसांवर उभं असतं. भारतीय गोल्फचा इतिहासही हेच सांगतो. 1991 साली इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक अली शेर आधी दिल्लीत कॅडी, म्हणजे खेळाडूंच्या काठ्या वाहणारा, होता. 2016 आणि 2017 अशी लागोपाठ दोन वर्षं ती स्पर्धा जिंकणाऱ्या एस. एस. पी. चौरसियाचे वडील कोलकात्याच्या रॉयल क्लबात ग्रीन राखायचे. सभासदांची मुलं हातात काठी घेऊन शिकली, तर या मुलांनी ते गवत आधी पायांनी ओळखलं.

आता जमिनीकडे येते, कारण खरी उलथापालथ तिथे झाली आहे. भाताचं खाचर म्हणजे पाणी धरून ठेवण्याची कला. वर्षानुवर्षं चिखलणी करून माती घोटली जाते, खाली घट्ट थर बसतो आणि त्यावर पाणी उभं राहतं. ग्रीनला हवं नेमकं उलट. तिथे पडलेलं पाणी झिरपून निघून गेलं पाहिजे. प्रमाणित ग्रीनमध्ये सर्वांत खाली भोकांचे पाइप, त्यावर सुमारे 10 सेंटिमीटर खडी आणि त्यावर 30 सेंटिमीटर वाळूचं मिश्रण असतं. काकांनी हेच केलं. त्यासाठी आधी तो घट्ट थर फोडावा लागला. "माज्या आज्यानं बैल घालून जो थर बसवला, तो मीच पहारीनं फोडला," दादा म्हणाला. हे खाचर एके काळी त्याच्या आजोबांकडे कुळानं होतं, हे मला तेव्हा कळलं. त्याच्या आवाजात ना तक्रार होती ना कौतुक. पुढच्याच वाक्यात तो वाळू चाळायच्या जाळीबद्दल बोलू लागला.

वाळूत पाणी टिकत नाही आणि अन्नद्रव्यंही टिकत नाहीत. म्हणून दोन्ही थोडं थोडं, सारखं द्यावं लागतं. हिशेब सोपा आहे. कडक उन्हात गवतातून आणि जमिनीतून दिवसाला पाचएक मिलिमीटर पाणी उडून जातं. दोन गुंठे म्हणजे 200 चौरस मीटर. म्हणजे रोज हजार लिटर. साडेतीन मिलिमीटरचं गवत जगवायला पाच मिलिमीटर पाणी! पूर्ण अठरा होलांच्या मैदानात ग्रीन सगळी मिळून हेक्टरभरच भरतात, बाकीचं गवत उंच ठेवतात. तरी मैदान 50-60 हेक्टरांचं असतं आणि त्याच्या पाणी दिल्या जाणाऱ्या प्रत्येक हेक्टरला या हिशेबानं रोज पन्नास हजार लिटर लागतात.

कशेळ्याला पाण्याचं काय दुःख, असं बाहेरच्याला वाटेल. पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या पुढे. शिवाय पेज उन्हाळ्यातही वाहती, कारण 1922 पासून टाटांच्या भिवपुरी वीजकेंद्रातून सुटलेलं पाणी तिला मिळतं. त्या पाण्यावर या पट्ट्यात उन्हाळी भात होतो. पण नदी सोडून खांडसच्या दिशेनं डोंगरपायथ्याच्या वाड्यांकडे गेलं, की एप्रिल-मे महिन्यात बाया हंडे घेऊन आटत चाललेल्या विहिरीपाशी बसलेल्या दिसतात. दादाची वाडीही चढावरच आहे. तो दुपारी इथे गवताला पाणी देतो आणि संध्याकाळी घरचं पाणी किती आलं ते विचारतो.

पावसाळ्यात वेगळाच त्रास. आठ-आठ दिवस ऊन नाही, हरळीला सावली सोसत नाही. शेवाळ धरतं, बुरशीचे गोल डाग पडतात. तेव्हा साडेतीनचं पाच करावं लागतं. काका खट्टू होतात. बुरशीनाशक मारायचं तर ते वाळूतून, पाइपातून उताराला जाणार, आणि उताराला पेज आहे. काकांना हे मान्य आहे. त्यांनी फवारणी थांबवली आणि श्रावणात खेळणंच सोडलं. दोन गुंठ्यांच्या मालकाला हे परवडतं. हजार सभासदांकडून वर्गणी घेणाऱ्याला परवडेल का?

हा प्रश्न काही माझ्या डोक्यातून निघालेला नाही. गोव्यात नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीलाच गोल्फ मैदानांविरुद्ध लोक उभे राहिले होते. पुढे तेरेखोलच्या प्रकल्पावरूनही कुळं-मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारे) आणि प्रकल्पवाले यांच्यात मोठा वाद झाला. आशियातल्या कार्यकर्त्यांनी 29 एप्रिल 1993 रोजी गोल्फविरोधी जागतिक चळवळच सुरू केली होती. सर्वांचे मुद्दे तेच: जमीन, पाणी, औषधं. उलट बाजूही खरी आहे. सांडपाणी शुद्ध करून त्यावर मैदान जगवता येतं, पाणी दिला जाणारा भाग कमी ठेवता येतो, आणि गोल्फचं मैदान काँक्रीटपेक्षा कधीही बरं. नाशिकचं गोल्फ क्लब मैदान आठवा. तिथे आज क्रिकेट चालतं, लोक सकाळी फिरायला येतात. खेळ गेला, जमीन मोकळी राहिली, गावाला मिळाली.

मला गोल्फचा राग नाही. दादाच्या कामाबद्दल तर आदरच आहे. विळा सोडून त्यानं जे हस्तगत केलं ते कसब आहे, आणि त्याला अजून रोजंदारीवरच्या माळ्याचाच पगार मिळतो, ही गोष्ट मला खटकते. काकांना तसं बोलून दाखवलं तेव्हा ते क्षणभर गप्प बसले, मग म्हणाले, "खरंय. मी क्लबाला वर्गणी देताना घासाघीस करत नाही."

पनवेल-कर्जत लोहमार्गामुळे इकडच्या जमिनींना आणखी भाव येणार, हे नाक्यावरचं पोरही सांगतं. उद्या 'गोल्फ व्ह्यू' अशी पाटी या भागात कुठे लागली तर नवल नाही. तिथे सभासद व्हायला आपल्यापैकी कुणी गेलं, तर क्लबहाउस आणि होलांची संख्या जरूर बघावी. पण सही करण्याआधी एवढं विचारावं, की मे महिन्यात या गवताला पाणी कुठून येतं, आणि ते साडेतीन मिलिमीटरवर राखणारा माणूस पगारी आहे की रोजावर. उत्तर लेखी मिळालं नाही, तर सही करू नये.