बी-कावीळ : पहिल्या चोवीस तासांची लस

मी वैद्यकीय क्षेत्रातला माणूस नव्हे. कला शाखेचा पदवीधर, बँकेत लिपिक. तथापि घरातील एका आजारपणाच्या निमित्ताने गेल्या दोन वर्षांत जे वाचले व डॉक्टरांना विचारून समजून घेतले, ते आपल्या माणसांच्या कानी घालावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

आपल्या वऱ्हाडात कावीळ झाली की गळ्यात माळ घालतात, झाडपाला पाजतात आणि डोळे पांढरे झाले की ‘उतरली’ म्हणतात. दूषित पाण्यातून होणारी ए आणि ई प्रकारची कावीळ बहुतेकांची आपोआपच बरी होते (गरोदर बाईला मात्र ई प्रकार जिवावर बेतू शकतो). श्रेय माळेला मिळते. बी प्रकारची गोष्ट निराळी. ती रक्तातून, दूषित सुईतून, शरीरसंबंधातून आणि आईकडून बाळाला होते. गुजरातेत मोडासा येथे २००९ साली सुया पुन्हा पुन्हा वापरल्याने हिची मोठी साथ आली व अनेकांचे प्राण गेले. या विषाणूची पहिली खूण डॉ. बारूख ब्लुमबर्ग यांना ऑस्ट्रेलियातील एका आदिवासीच्या रक्तात मिळाली. हा शोध १९६५ साली प्रसिद्ध झाला आणि १९७६ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

या रोगात लागण कोणत्या वयात झाली, याला फार महत्त्व आहे. धडधाकट मोठ्या माणसाला लागण झाली तर शंभरातील पंचाण्णव जण विषाणू शरीराबाहेर घालवतात. जन्माच्या वेळी लागण झालेल्या बाळांचे उलट आहे. त्यांच्यातील सुमारे नव्वद टक्के बाळांत तो कायमचा मुक्काम करतो. बाळ दूध पिते, हसते, शाळेत जाते, काही म्हणता काही दिसत नाही. पुढे तिशी-चाळिशीत यकृत आकसते, पोटात पाणी होते, कुणाला कर्करोग होतो. लोक म्हणतात, दारूने गेला. त्याने दारूला स्पर्शही केलेला नसतो! (नवजात बाळ दोन-तीन दिवसांनी जरा पिवळे दिसते, ती कावीळ वेगळी, तिचा येथे संबंध नाही.)

हे टाळता येते. गरोदरपणी एचआयव्हीच्या तपासणीबरोबर हिपॅटायटीस-बीचीही तपासणी करून घ्यावी. दोष निघाल्यास रक्तातील विषाणूंचे प्रमाण पाहतात आणि ते जास्त असेल तर सातव्या महिन्यापासून टेनोफोविरची गोळी सुरू करतात. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात ही तपासणी व औषधे सरकारी केंद्रांत मोफत आहेत. बाळाला जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत लस टोचायची. आई बाधित असेल तर त्याच सुमारास, शक्यतो बारा तासांत, इम्युनोग्लोब्युलिनचे इंजेक्शनही द्यायचे. मग सहा, दहा व चौदा आठवड्यांचे डोस. आईने दूध अवश्य पाजावे, त्याने रोग होत नाही. चोवीस तासांची लस मात्र आईचा अहवाल काहीही असो, प्रत्येक बाळाला हवी.

बँकेच्या कामाने मी परतवाड्याहून धारणीला जात असतो. वाटेत सिपनाकाठी सेमाडोह लागते. एकदा गाडी बिघडली म्हणून तेथे दोन तास थांबलो असता चहाच्या टपरीवर एक आशाताई भेटल्या. त्या म्हणाल्या, “भाऊ, दवाखान्यात बाळंत झाली तर सुई लगेच होते. पण ढाण्यात रात्री घरीच झाली, नाल्याला पूर असला, तर मला तिसऱ्या दिवशी कळते.” तिसऱ्या दिवशी ही लस टोचली तरी आईकडून आलेल्या विषाणूशी झुंजण्याची तिची ताकद कमी झालेली असते. आदिवासी भागातील आरोग्य केंद्रांसाठी शासनाची माहेरघर योजना आहे. दिवस भरत आले की गरोदर बाईने चार दिवस आधीच केंद्रात येऊन राहायचे. माझ्या मते लसीच्या बाटलीइतकीच ही खोली महत्त्वाची आहे. सेमाडोहहून अमरावती शंभरेक किलोमीटर, ते अंतर बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्यावर कापायचे नसते.

आता माझ्या घरची गोष्ट. माझे थोरले साडू डायलिसिसवर आहेत. तेथे रक्त शरीराबाहेर यंत्रातून फिरते आणि हा विषाणू वाळलेल्या रक्तातही सात दिवस जिवंत राहू शकतो. म्हणून बाधित रुग्णाचे यंत्र वेगळे ठेवतात व बाकीच्यांना लस देतात, तीही दुप्पट मात्रेत, चार वेळा. तरीही अनेकांत ती लागू पडत नाही. साडूंच्या रक्तात प्रतिकारक द्रव्य दहा युनिटांच्या वर यायला हवे होते, सहाच आले. मूत्रपिंड पुरते निकामी होण्याआधी टोचली असती तर लागू पडण्याचा संभव अधिक होता. क्रिएटिनीन वाढल्याचे तीन वर्षे माहीत होते, पण ज्यांच्याकडे उपचार चालू होते त्यांनी लसीचा विषयच काढला नाही आणि आम्हालाही विचारायचे सुचले नाही.

आम्ही बँकेत कर्जाची फाईल पाहून अंदाज बांधतो, तसे डॉक्टर डायलिसिसच्या रुग्णाचे पुढे कसे जाईल ते पाहतात. वय, मधुमेह, रक्तातील अल्ब्युमिन, हातावर फिस्टुला आहे की मानेत नळी, लघवी थोडी तरी होते का. लस लागू न पडणे हेही त्यांतले एक चिन्ह मानतात. त्यात लसीचा दोष नसतो. पोषण खालावले, अंगातील शक्ती गेली, हे ते सांगत असते. म्हणून साडूंच्या ताटात आता डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे रोज अंड्याचा पांढरा भाग असतो. लसीचा दुसरा फेरा चालू आहे, दोन डोस झाले.

त्यांची लेक पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली आहे. आपल्या देशात ही लस सार्वत्रिक कार्यक्रमात २०११ साली सर्वत्र आली, त्यामुळे तिच्या वयाच्या बहुतेक मुलींना लहानपणी ती मिळालेलीच नाही. तिची तपासणी झाली, अहवाल निगेटिव्ह आला. तरी तिच्या कार्डावर मी लाल शाईने ‘२४ तास’ असे लिहून ठेवले आहे. सासूबाईंनी विचारले, हे काय? त्यांनाही हे सर्व असेच सांगितले.