नाव वाचा, स्वभाव ओळखा

कार्बनी संयुगांचे प्रकरण आले की मुले नावे घोकायला बसतात. घोकण्यासारखे त्यात फार थोडे आहे. बाकीची नावे वाचायची असतात. एकाच पदार्थाला अनेक नावे आणि नावावरून रचना कळत नाही, या गोंधळावर तोडगा काढायला १८९२ साली जिनिव्हात रसायनशास्त्रज्ञ जमले. तिथे पाया घातलेली पद्धत पुढे आययुपॅकने विस्तारली. तिच्यात नावाचा आरंभ कार्बन अणूंची संख्या सांगतो, तर प्रत्यय क्रियात्मक गट सांगतो. ब्युटेन आणि प्रोपॅन-१-ऑल यांचे रेणुभार जवळपास सारखे, अनुक्रमे ५८ आणि ६०. तरी ब्युटेन शून्याच्या किंचित खालीच उकळतो आणि प्रोपॅन-१-ऑलला ९७ अंश सेल्सिअस लागतात. हा फरक ‘ऑल’ या प्रत्ययात आहे: हायड्रॉक्सिल गटामुळे रेणू हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरून ठेवतात. मधला आकडाही शोभेचा नाही. ऑक्सिडीकरणाने प्रोपॅन-१-ऑलपासून शेवटी आम्ल मिळते; सॅनिटायझरमधल्या प्रोपॅन-२-ऑलपासून मात्र प्रोपॅनोन, म्हणजे नेलपॉलिश काढायचे ॲसिटोन.

यावर कोणी म्हणेल, बाजारात तर ॲसिटोन आणि ॲसिटिक ॲसिडच चालते. खरे आहे, ॲसिटिक ॲसिड हे नाव खुद्द आययुपॅकनेही राखले आहे. पण जुने नाव ओळखीच्या पदार्थापुरते पुरते. प्रयोगशाळेत आज तयार झालेल्या संयुगाची रचना केवळ नावातून दुसऱ्याला कळवायची, तर नियमच लागतात. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: मिथेनॉल आणि इथेनॉल ही नावे सख्ख्या भावंडांसारखी, पण मिथेनॉल मिसळलेल्या दारूने २०१५ साली मालाडच्या मालवणीत शंभराहून अधिक बळी घेतले. नावाने धोका कुठे सांगितला? नाही सांगितला, आणि ते त्याचे कामही नाही. तरी कुठे पाहायचे ते नावाने दाखवले आहे. एका कार्बनच्या मिथेनॉलपासून शरीरात मिथेनॉइक आम्ल बनते, ते दृष्टीच्या चेतेवर घाला घालते; दोन कार्बनच्या इथेनॉलपासून बनते इथेनॉइक आम्ल, जे व्हिनेगरमध्ये असते आणि शरीर वापरून टाकते. कोणते आम्ल शरीरात काय करते, ते जीवशास्त्राने सांगायचे.

म्हणून परीक्षेत ‘आययुपॅक नाव लिहा’ एवढ्यावर थांबू नये. त्याखाली ‘नावांवरून उत्कलनबिंदूंचा चढता क्रम लावा आणि कारण द्या’ अशी एक ओळ वाढवली, तरी घोकणाऱ्याला वाचणे भाग पडेल.