श्रवणयंत्र : लपणारे की ऐकवणारे?

पनवेलजवळच्या पळस्पे फाट्यावर मुंबई-पुणे जुना महामार्ग आणि गोव्याकडे जाणारा महामार्ग एकमेकांपासून वेगळे होतात. रात्रंदिवस अवजड वाहनांची ये-जा, हॉर्न आणि ब्रेकचे आवाज. या फाट्याजवळ आमच्या परिचयाचे एक निवृत्त शिक्षक राहतात. सगळे त्यांना गुरुजी म्हणतात, आम्हीही. मागच्या खेपेस भेटलो तेव्हा त्यांनी कपाटातून एक लहानशी डबी काढून समोर ठेवली. तीत शेंगदाण्याएवढी दोन श्रवणयंत्रे होती. पूर्ण कानाच्या नळीत बसणारी, बाहेरून न दिसणारी. पेन्शनच्या पैशातून घेतलेली आणि दोन महिन्यांत डबीत गेलेली.

"माझे राहू द्या," गुरुजी म्हणाले, "पण नातीला यंत्र घ्यायचे आहे. सून म्हणते, दिसणार नाही असेच घेऊ. माझे चुकले तसे तिचे चुकू नये."

नात पाचवीत. शाळेच्या आरोग्य तपासणीत तिला कमी ऐकू येते असे लक्षात आले. त्याआधी दोन वर्षे प्रगतिपुस्तकात एकच शेरा होता : 'वर्गात लक्ष नसते.'

गुरुजींच्या प्रश्नाचे उत्तर दुकानातल्या काचेच्या कपाटात मिळत नाही. ते कानाच्या आणि ध्वनीच्या विज्ञानात आहे. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

ऐकू येते, पण समजत नाही

ध्वनीच्या लहरी कानाच्या नळीतून पडद्यावर आदळतात. पडद्याची थरथर हातोडी, ऐरण आणि रिकीब या तीन हाडांमार्फत शंखाच्या आकाराच्या आंतरकर्णात पोहोचते. तिथल्या सूक्ष्म केशपेशी तिचे विद्युतसंकेतात रूपांतर करतात. पडदा वा हाडांपर्यंतच्या भागात बिघाड असेल तर तो वहनदोष. मळ, पडद्याला भोक, कान वाहणे ही त्याची नेहमीची कारणे. यांतल्या बऱ्याच गोष्टी औषधाने किंवा शस्त्रक्रियेने सुधारतात. म्हणून यंत्राच्या आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांची तपासणी हवीच. केशपेशी किंवा मज्जातंतू दुबळे झाले असतील तर तो संवेदनदोष. मेलेल्या केशपेशी पुन्हा उगवत नाहीत. इथे श्रवणयंत्र कामी येते.

श्रवणतज्ज्ञ साधारण २५० ते ८,००० हर्ट्झपर्यंतचे सूर ऐकवून प्रत्येक सुराला किती डेसिबलचा आवाज जेमतेम ऐकू येतो ते आलेखावर मांडतात. हा झाला ऑडिओग्राम. गुरुजींच्या आलेखात ५०० हर्ट्झला २५ डेसिबल होते, म्हणजे जवळजवळ ठीक. पण २,००० ला ६० आणि ४,००० ला ७५. वयोमानाने येणारा बहिरेपणा असाच उताराचा असतो.

याचा अर्थ काय? आपल्या बोलण्यातली बहुतेक ताकद स्वरांमध्ये असते आणि ती मुख्यतः १,००० हर्ट्झच्या खाली असते. व्यंजने मात्र क्षीण असतात. 'स'चा सुस्कारा तर ४,००० हर्ट्झ आणि त्याच्याही वर पसरलेला असतो. त्यामुळे साप, ताप, थाप, छाप हे सगळे शब्द गुरुजींना नुसते 'आप' असे ऐकू येतात. 'पळ' आणि 'फळ', 'तर' आणि 'थर' यांतला फरक एका हलक्या फुंकरीचा. ती फुंकरच हरवते. 'ओरडू नका, नीट बोला' असे वृद्ध माणसे म्हणतात ते यामुळेच. ओरडल्याने स्वर मोठे होतात, व्यंजने तितकी होत नाहीत.

नातीचा आलेख वेगळा. दोन्ही कानांत सर्व सुरांना सारखाच, ४५ ते ५० डेसिबलचा ऱ्हास. म्हणजे एका घरात दोन माणसे, दोन आलेख आणि दोन वेगळी यंत्रे.

यंत्रात काय असते

कोणत्याही श्रवणयंत्रात चार गोष्टी असतात : मायक्रोफोन, ध्वनिवर्धक, कानात आवाज सोडणारा छोटा ध्वनिक्षेपक आणि सेल. १९५२ च्या अखेरीस ट्रान्झिस्टरचा वापर श्रवणयंत्रात सुरू झाला आणि यंत्रे झपाट्याने लहान झाली. १९९६ च्या सुमारास पूर्ण डिजिटल यंत्रे बाजारात आली. आता आलेखानुसार प्रत्येक सुराला वेगळी वाढ देता येते.

वाढही सरसकट देऊन चालत नाही. संवेदनदोषात हळू आवाज ऐकू येत नाहीत, पण मोठे आवाज इतरांइतकेच मोठे वाटतात. कधी कधी तर असह्य होतात. म्हणून यंत्राने कुजबूज खूप वाढवायची, संभाषण मध्यम आणि ट्रकचा हॉर्न जवळजवळ नाहीच. ६० डेसिबलच्या ऱ्हासाला साधारण त्याच्या निम्मी वाढ पुरते, हा जुना ठोकताळा याच कारणाने टिकून आहे.

शिट्टी का वाजते?

स्नेहसंमेलनात माइक लाऊडस्पीकरच्या समोर आला की कर्कश आवाज येतो हे आपण जाणतो. श्रवणयंत्रातही तेच घडते. कानात सोडलेला आवाज फटीतून झिरपून पुन्हा मायक्रोफोनमध्ये शिरतो. समजा, झिरपताना तो ३० डेसिबलने क्षीण होतो आणि यंत्र त्याला ४० डेसिबलने वाढवते. म्हणजे एका फेरीत तो १० डेसिबलने मोठा झाला, पुढच्या फेरीत आणखी १०. क्षणात शिट्टी! वाढ झिरपण्याच्या घटीपेक्षा कमी असेल तरच यंत्र गप्प राहते. डिजिटल यंत्रे ही शिट्टी बरीच दाबतात, पण त्यालाही मर्यादा आहे.

यातून यंत्राच्या आकाराचा पहिला नियम निघतो. मायक्रोफोन आणि ध्वनिक्षेपक जितके जवळ, तितकी शिट्टीची भीती जास्त. म्हणजेच यंत्र जितके लहान, तितकी वापरता येणारी वाढ कमी.

प्रकार आणि त्यांचे गुणदोष

*खिशातले यंत्र.* काड्यापेटीएवढी डबी खिशात, वायर कानापर्यंत. मायक्रोफोन कानापासून दूर असल्याने शिट्टी कमी आणि ताकद भरपूर. साधा पेन्सिल सेल चालतो, बटणे मोठी असतात, किंमत कमी. पण सदऱ्याच्या घर्षणाची खरखर ऐकू येते आणि आवाजाची दिशा कळत नाही, कारण 'कान' छातीवर असतो.

*कानामागचे यंत्र.* यंत्र कानामागे, तिथून नळीने आवाज कानात. कानात बसतो तो कानाच्या मापाने केलेला साचा. सौम्य ते अतितीव्र, सर्व पातळ्यांच्या ऱ्हासाला हे चालते. दोन मायक्रोफोन बसवण्याइतकी जागा असल्याने समोरचा आवाज घेऊन मागचा कमी करता येतो.

*ध्वनिक्षेपक कानात असलेले यंत्र.* हेही कानामागेच, पण छोटे. नळीऐवजी बारीक वायर आणि टोकाला ध्वनिक्षेपक. कानात साच्याऐवजी रबरी टोपण, बहुधा भोकाचे. खालचे सूर नीट ऐकू येणाऱ्यांना ते नैसर्गिकपणे आत येऊ द्यायचे आणि वरचे तेवढे यंत्राने वाढवायचे, ही त्यातली युक्ती. दोष असा की मळ आणि ओल थेट ध्वनिक्षेपकावर येते. कान वाहत असेल तर हे नकोच.

*कानातले यंत्र.* कानाच्या पाळीत भरणारे, नळीच्या तोंडाशी बसणारे आणि पूर्ण नळीत जाणारे असे याचे आकार. सौम्य ते मध्यम ऱ्हासाला योग्य. वाऱ्याचा आवाज कमी लागतो, चष्म्याची अडचण होत नाही, दिसतही नाही. पण अगदी लहान आकारात दुसऱ्या मायक्रोफोनला जागा नाही, आणि सेल इवलासा.

*हाडामार्फत ऐकवणारे यंत्र.* कानामागच्या हाडाला कंप देऊन आवाज सरळ आंतरकर्णात नेणारे. सतत वाहणारा कान किंवा जन्मतः बंद नळी असेल तर उपयोगी.

यंत्राने पुरेसा लाभ होत नाही अशा अतितीव्र ऱ्हासात कॉक्लिअर इम्प्लांट या शस्त्रक्रियेचा विचार होतो.

गुरुजींचे काय चुकले?

त्यांचे खालचे सूर चांगले होते. नळीत घट्ट यंत्र बसल्यावर ते बाहेरून येणे थांबले आणि स्वतःचा आवाज आत कोंडला. "रांजणात तोंड घालून बोलल्यासारखे वाटायचे," असे ते म्हणाले. ४,००० हर्ट्झला त्यांना ३५ डेसिबलच्या वर वाढ हवी. तेवढी दिली की शिट्टी. दिशा ओळखणारा दुसरा मायक्रोफोन नाही, म्हणून महामार्गाचा आवाज आणि सुनेचा आवाज सारखाच वाढायचा. त्यात सेल बदलताना थरथरत्या बोटांतून तो निसटायचा.

सेलचेही गणित आहे. श्रवणयंत्राच्या जस्त-हवा सेलचे चार आकार प्रचलित आहेत आणि त्यांच्या चिकटपट्ट्यांचे रंग ठरलेले आहेत : १० क्रमांकाची पिवळी, ३१२ ची तपकिरी, १३ ची नारिंगी, ६७५ ची निळी. १० क्रमांकाच्या सेलची क्षमता सुमारे १०० मिलिअँपिअर-तास, तर ६७५ ची ६०० च्या आसपास. सहापट फरक! हा सेल हवेतला ऑक्सिजन वापरतो. म्हणून पट्टी काढल्यावर मिनिटभर थांबून मग तो यंत्रात घालावा. पट्टी पुन्हा चिकटवून सेल वाचत नाही. आता चार्ज करता येणारी यंत्रेही मिळतात. बोटांचा त्रास असणाऱ्यांना ती सोयीची.

गुरुजींना श्रवणतज्ज्ञांनी भोकाच्या टोपणाचे, ध्वनिक्षेपक कानात असलेले यंत्र आठवडाभर वापरून पाहायला दिले. आधीच्या विक्रेत्याने असे घरी वापरून पाहायला दिलेच नव्हते.

नातीसाठी काय?

वाढत्या मुलांसाठी बहुधा कानामागचे यंत्रच सुचवले जाते. मुलांचा कान वाढतो. कानातले यंत्र घेतले तर ते सैल झाल्यावर सगळे कवच बदलावे लागते. कानामागच्या यंत्राचा फक्त साचा बदलतो. ऱ्हास पुढे वाढला तरी यंत्रात ताकद शिल्लक असते. मऊ साचा खेळताना टोचत नाही.

यंत्रे दोन्ही कानांना हवीत. दोन कानांमधले अंतर सुमारे २० सेंटिमीटर धरले आणि ध्वनीचा वेग सेकंदाला ३४० मीटर, तर एका बाजूचा आवाज दुसऱ्या कानाला सुमारे ०.६ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. एवढ्या फरकावरून मेंदू दिशा ओळखतो. फाट्यावर रस्ता ओलांडणाऱ्या मुलीला ट्रक कुठून येतो आहे हे कळणे म्हणजे काय, ते वेगळे सांगायला नको.

आता वर्ग पाहू. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने घटतो. बाईंचा आवाज एक मीटरवर ६५ डेसिबल असेल तर चार मीटरवर ५३. वर्गात भिंतींमुळे घट थोडी कमी होते, पण गलबला आणि रस्त्याचा आवाज त्यात मिसळतोच. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार शाळेभोवतीच्या १०० मीटर शांतता क्षेत्रात दिवसा ५० डेसिबलची मर्यादा आहे. महामार्गाकाठच्या शाळांत ती पाळली जाणे किती कठीण, हे शिक्षकांना ठाऊक आहे. यंत्र शब्द वाढवते आणि गोंगाटही. त्यावर उपाय म्हणजे शिक्षकाच्या गळ्याशी लावायचा बिनतारी माइक. तो आवाज ओठांपासून वीतभर अंतरावर घेऊन थेट यंत्रात पोहोचवतो. अशी जोडणी कानामागच्या यंत्रात सोयीची असते. अगदी लहान यंत्रांत तिला जागा मिळतेच असे नाही.

कोकणातली ओल हा आणखी एक शत्रू. पावसाळ्यात रात्री यंत्र पुसून, सेल काढून सिलिका जेलच्या डबीत ठेवावे. साच्याची नळी घामाने तुंबली तर आवाज बंद होतो आणि यंत्र बिघडले असे वाटते.

पैसे आणि कायदा

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबल ऱ्हास म्हणजे 'कमी ऐकू येणे' आणि ७० वा अधिक म्हणजे 'बधिर' अशी व्याख्या आहे. १९८१ पासूनच्या केंद्राच्या 'एडिप' योजनेत यंत्र मिळण्यासाठी ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि उत्पन्नाची अट आहे. गुरुजींची नात यात बसत नाही. तिच्या वर्गातला निम्मा तास निसटतो, पण कायद्याच्या लेखी ती ऐकू शकते. खर्च घरच्यांचाच. तपासणी तरी तज्ज्ञांकडे व्हावी म्हणून आम्ही त्यांना वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत जायला सुचवले. १९८३ साली स्थापन झालेली ही संस्था वाचा आणि श्रवण या विषयांतली देशातील प्रमुख संस्था आहे. पनवेलहून हार्बर मार्गाने वडाळ्याला गाडी बदलून तिथे जाता येते. किमतीबाबत एवढे लक्षात ठेवावे की ती आकारापेक्षा आतल्या इलेक्ट्रॉनिक्सवर अधिक अवलंबून असते. तपासणीशिवाय मिळणारी स्वस्त 'आवाज वाढवणारी' यंत्रे सगळेच सूर सारखे वाढवतात. ती श्रवणयंत्रे नव्हेत.

वर्गात करून पाहा

दोन्ही कानांत बोटे घालून 'ई' म्हणा. आवाज किती घुमतो पाहा. रांजणाचा अनुभव तो हाच. मग पंखा चालू असताना एका विद्यार्थ्याने तोंड झाकून शेवटच्या बाकाकडे साप, ताप, थाप, छाप यांपैकी शब्द हळू म्हणावेत आणि इतरांनी लिहावेत. चुका मोजा. हे रोजच ज्यांना घडते, त्यांची आठवण ठेवा. जे मूल वारंवार 'काय?' विचारते, शेजाऱ्याच्या वहीत पाहून लिहिते, तोंडाकडे टक लावते किंवा 'स', 'श' नीट उच्चारत नाही, त्याच्या पालकांना कान तपासायला सांगा. शेरा नंतर लिहा.

जाता जाता आम्ही नातीलाच विचारले, तुला कसले यंत्र हवे? ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "जांभळे मिळते का?" साचे रंगीत मिळतात. तिने जांभळाच निवडला. पहिल्या दिवशी केस पुढे ओढून ती शाळेत गेली. दुसऱ्या आठवड्यात वेण्या घालून.